दोन सिनेगॉग एक करताना आधी दिलेल्या शब्दांची वही उघडा

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे मला नीट कळलाय का ते बघा. इंग्लंडमधल्या एका लहान गावात तुमचं लिबरल सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर, आहे, साठ-सत्तर घरं, बहुतेक मंडळी सत्तरीच्या पुढची. स्वतःची इमारत नाही, क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा हॉल भाड्याने घेता, हेखाल, म्हणजे धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायची उभी पेटी, चाकांवरचं, शब्बाथ (शनिवारची प्रार्थना) झाला की ढकलून कपाटात. पण बँकेत बरी ठेव आहे. वीस मिनिटांवर रिफॉर्म सिनेगॉग आहे, त्यांची इमारत मोठी, छप्पर गळतंय, रब्बी (धर्मगुरू) अर्धवेळ. वरच्या पातळीवर लिबरल आणि रिफॉर्म या ज्यू धर्मातल्या दोन्ही सुधारक चळवळी एक झाल्यात, मग आपणही होऊन जाऊ असं दोन्ही कौन्सिलांना वाटतंय आणि तुम्ही ट्रेझरर म्हणून हे लफडं तुमच्या गळ्यात आलंय. नाव कोणाचं, पुस्तक कोणाचं, त्यांच्या इमारतीत जायचं का, रब्बीचं काय, असे चार प्रश्न तुम्ही विचारलेत आणि अगदी शेवटी जाता जाता एक ओळ आहे, की तुमच्या हेखालचा पडदा तुमच्या आजीच्या साडीचा आहे, त्याचं काय होणार.

मी मूळची ठाण्याची, बेने इस्रायल, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू, लंडनच्या बाहेर राहून तीस वर्षं झाली, पेशाने अकाउंटंट. आमच्या सिनेगॉगची आठ वर्षं ट्रेझरर होते, त्या काळात आमचंच एक मर्जर झालं, मग लोकांनी बोलावलं म्हणून अजून तीन ठिकाणी मदत केली, त्यातलं एक मोडलं. मी वकील नाही, रब्बी तर नाहीच नाही, त्यामुळे कायद्याचं जे सांगेन ते इंग्लंड-वेल्सपुरतं धरा आणि चॅरिटीचं काम करणाऱ्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या. स्कॉटलंडचं सगळं वेगळं आहे.

आता मुद्दा. तुमचे चारही प्रश्न खरे आहेत पण त्यांचा नंबर नंतर लागतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं मर्जर नावावर नाहीतर इमारतीवर अडलं, पण मी जवळून बघितलंय ते असं, की प्रत्येक सिनेगॉगने आपल्या माणसांना वर्षानुवर्षं काही शब्द दिलेले असतात, थोडे कागदावर आणि बरेचसे तोंडी. दफनभूमीत तुझ्या नवऱ्याशेजारची जागा तुझ्यासाठी राखून ठेवलीय. तुझी मुलगी आमच्या दृष्टीने ज्यू आहे, तिची आई ज्यू नसली तरी. तुझ्या वडिलांचं नाव दरवर्षी त्या आठवड्यात वाचलं जाईल. तू दिलेले पैसे मुलांच्या हिब्रू वर्गालाच जातील. दोन संस्था एक होतात तेव्हा हे सगळे शब्द नव्या संस्थेच्या डोक्यावर येतात आणि ज्याला शब्द दिलाय तो माणूस गप्प बसून बघत असतो की आपलं काय होतंय. तो मीटिंगमधे नावावरून भांडतो, कारण कबरीवरून भांडायची लाज वाटते.

म्हणून मी कुठेही गेले तरी पहिल्या महिन्यात एकच काम करायला लावते. साधी वही घ्यायची, दोन्हीकडची दोन-दोन जुनी माणसं बसवायची, चहा ठेवायचा आणि आपण कोणाला काय काय कबूल केलंय ते आठवेल तसं लिहायचं. कौन्सिलच्या मिनिट्समधे यातलं फार तर निम्मं सापडतं.

वरच्या पातळीवरचं थोडं सांगते, कारण तुमच्या प्रश्नात "आता तर वरूनच एक झालंय" असा सूर आहे. इथल्या रिफॉर्मवाल्यांची सुरुवात १८४० च्या वेस्ट लंडन सिनेगॉगपासून, लिबरलांची १९०२ च्या ज्यूइश रिलिजस युनियनपासून. दोघांचे रब्बी कित्येक वर्षं लंडनच्या एकाच लिओ बेक कॉलेजातून शिकून येतात, ते १९५६ चं. एप्रिल २०२३ मधे दोन्ही चळवळींनी एक व्हायचं जाहीर केलं, मे २०२५ मधे दोन्हीकडे मतदान होऊन प्रचंड बहुमताने मंजूर झालं आणि साधारण ८० सिनेगॉग एका छत्राखाली आली, मूव्हमेंट फॉर प्रोग्रेसिव्ह ज्युडाइझम या नावाने. पण छत्री एक झाली म्हणून खाली उभे असलेले एक होत नाहीत. प्रत्येक सिनेगॉग आपापली चॅरिटी, आपापले ट्रस्टी, आपापला रिवाज. तुमचं मर्जर तुम्हालाच करावं लागणार, वरून फार तर सल्ला आणि एखादा रब्बी मिळेल. आपल्याकडच्यांसाठी गंमत एवढीच की त्याच २०२५ मधे मुंबईच्या ज्यूइश रिलिजस युनियनला १०० वर्षं झाली. डॉ. जेरुशा झिराड शिकायला लंडनला आल्या, इथल्या लिबरल मंडळींशी ओळख झाली आणि परत गेल्यावर १९२५ मधे बहीण लेआबरोबर त्यांनी ती काढली, भायखळ्याचं रोदेफ शालोम ते हेच. नाहीतर आपल्या लोकांना अनुभव जास्त फुटायचा, सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत १७९६ मधे बांधलेली जुनी मशीद (आपण सिनेगॉगला मशीदच म्हणतो) आणि मग तिच्यातून निघालेल्यांची नवी मशीद. एकत्र यायची सवय जरा कमीच.

शब्दांच्या वहीचं महत्त्व मला कोणी शिकवलं नाही, मी स्वतः माती खाल्ली म्हणून कळलं. आमच्या पहिल्या मर्जरमधे दुसऱ्या सिनेगॉगची इमारत विकली, त्यांच्या भिंतीवर पितळी पाट्यांचे तीन मोठे बोर्ड होते, प्रत्येक पाटीवर गेलेल्या माणसाचं नाव, तारीख आणि शेजारी बारका दिवा, ज्याचं वर्षश्राद्ध, म्हणजे यार्टझाइट, त्या आठवड्यात त्याचा दिवा लावायचा. आमच्या हॉलला रंग चालू होता म्हणून मी म्हटलं बोर्ड सध्या एका मेंबरच्या गॅरेजमधे ठेवू, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. दोन महिन्यांचे सात झाले. एक ८४ वर्षांच्या बाई नवऱ्याच्या यार्टझाइटला आल्या, नव्या इमारतीत त्यांचा पहिलाच शब्बाथ, त्यांनी चारी भिंती बघितल्या आणि मला विचारलं, दिवा कुठे आहे. मी गॅरेज म्हणाले. त्या काही बोलल्या नाहीत, प्रार्थना संपेपर्यंत बसल्या, किद्दुशला, म्हणजे नंतरच्या खाण्यापिण्याला, थांबल्या नाहीत. पुढच्या दोन महिन्यांत त्यांच्यासकट चार घरं गेली. कारण कोणीच लिहून दिलं नाही, एकाने फीचं दिलं, एकाने पार्किंगचं. हिशेबाच्या वहीत मी ते बोर्ड "फर्निचर" या सदरात टाकले होते, ते आठवलं की अजून कानकोंडं होतं.

तेव्हापासून माझा नियम, इमारत सोडायच्या दिवशी सेफेर तोरा, म्हणजे धर्मग्रंथाच्या हस्तलिखित गुंडाळ्या, आणि नावांचे बोर्ड एकाच फेरीत निघतात आणि त्याच दिवशी नव्या भिंतीवर लागतात, रंग गेला खड्ड्यात. तुमच्याकडे बोर्ड नसतील, हॉल भाड्याचा आहे, बहुतेक वही असेल नावांची. मग अजून एक बघा, तुमची नावं इंग्रजी तारखेने वाचतात की हिब्रू? मी बघितलेल्या एका जोडीत एकीकडे इंग्रजी तारखेने, दुसरीकडे हिब्रू तारखेने, दोन याद्या एका कॉम्प्युटरच्या फायलीत घातल्या आणि वर्षभर निम्म्या लोकांची माणसं चुकीच्या आठवड्यात वाचली गेली. हे घरटी विचारूनच ठरवायचं, सरसकट बदलायचं नाही.

कबरींचं सगळ्यात आधी बघा, पैशाच्याही आधी. इथे मेंबरशिप फीमधेच बहुतेक वेळा दफनाच्या योजनेचा हप्ता असतो हे तुम्हाला माहीतच आहे. तुमची योजना कोणती, त्यांची कोणती, दोन्हींची दफनभूमी कुठे आणि तिथले नियम काय, हे कागद समोर ठेवून वाचा. मुख्य प्रश्न एकच असतो, नवरा-बायकोतलं एक ज्यू नसेल तर दोघं शेजारी शेजारी पुरली जाऊ शकतात का. लिबरल सिनेगॉगांत अशी जोडपी भरपूर आणि त्यांनी तुमच्याकडे नाव घातलं तेव्हा हा प्रश्न विचारलेला असणार आणि कोणीतरी "हो" म्हटलेलं असणार. नव्या योजनेत ते "हो" तसंच राहतंय असं लेखी येईपर्यंत कशावरही सही करू नका. लेखी आलं की त्या त्या घरी फोन करा, पत्र नाही, फोन. मोठ्या शहरात हे थोडं सोपं जातं, लंडनच्या एजवेअरबरी लेनच्या दफनभूमीत रिफॉर्म, लिबरल आणि सेफार्दी (मूळचे स्पेन-पोर्तुगालकडचे, परंपरावादी) सगळे शेजारी शेजारी आहेत. जिवंतपणी एका हॉलमधे बसायला तयार नसलेले तिथे छान एकत्र असतात.

दुसरी मोठी गोष्ट, कोण ज्यू धरायचं. लिबरलांकडे आई किंवा वडील कोणीही एक ज्यू असलं आणि मूल ज्यू म्हणून वाढवलं तर ते ज्यू, ही रीत जुनी आहे. रिफॉर्मवाल्यांकडे बरीच वर्षं आईकडूनच धरायचे, वडिलांकडून असेल तर बेथ दीनसमोर, म्हणजे रब्बींच्या न्यायमंडळासमोर, जावं लागायचं, २०१५ पासून त्यांनीही दार बरंच उघडलं. म्हणजे कागदावर आज फारसा फरक उरलेला नाही. पण कागद बदलतो तितक्या पटकन सत्तर वर्षांच्या माणसाचं डोकं बदलत नाही. एका ठिकाणी मर्जरनंतर तिसऱ्याच आठवड्यात किद्दुशच्या टेबलाशी एका आजोबांनी चौदा वर्षांच्या मुलीला अगदी प्रेमाने विचारलं, बाळ, तुझं कन्व्हर्जन, म्हणजे धर्मांतर, कधी झालं? तिची बात मित्स्वा, म्हणजे मुलगी धर्माच्या दृष्टीने मोठी झाल्याचा विधी, झालेली होती, तोरा वाचली होती तिने, वडील ज्यू, आई नाही. तिने घरी जाऊन सांगितलं की मी परत जाणार नाही आणि नाही गेली.

यावर उपाय एका वाक्याचा आहे आणि ते वाक्य नव्या घटनेत असलंच पाहिजे असा माझा हट्ट असतो: मर्जरच्या दिवशी दोन्हीपैकी कुठल्याही सिनेगॉगने ज्याला ज्यू किंवा मेंबर मानलंय, त्याला नवं सिनेगॉग तेच मानेल, पुन्हा कोणी विचारणार नाही. पुढे नवीन येणाऱ्यांचं काय ते रब्बी लोकांनी ठरवावं, त्याला वेळ लागला तरी चालेल. आणि हे वाक्य मतदानाच्या आधी दोन्हीकडे बिमावरून, म्हणजे प्रार्थनेच्या व्यासपीठावरून, मोठ्याने वाचायचं, म्हणजे नंतर किद्दुशच्या टेबलाशी कोणी "मला माहीत नव्हतं" म्हणायला नको. ज्यू नसलेल्या जोडीदारांना तुमच्याकडे मताचा अधिकार आहे का, त्यांच्याकडे आहे का, हेही तिथेच मिटवा.

आता पैशाचं आणि कायद्याचं, हे माझं खरं काम पण यात नाट्य कमी. तीन वाटा असतात. एक, तुम्ही त्यांच्यात विसर्जित व्हायचं. दोन, दोघांनी मिळून नवीन सीआयओ काढायचा, म्हणजे चॅरिटेबल इन्कॉर्पोरेटेड ऑर्गनायझेशन, आणि दोघांनीही सगळं त्याच्या हवाली करायचं. तीन, लग्नच नको, शेजार ठेवू, म्हणजे इमारत एक, खर्च वाटून, प्रार्थना आपापल्या. तिसरी वाट हसण्यावारी नेऊ नका, लंडनच्या वायव्येला मोझेइक म्हणून आहेत, तिथे लिबरल, रिफॉर्म आणि मासोर्ती (जरा जास्त परंपरा पाळणारे) अशी तीन मंडळं एका छताखाली आहेत आणि आपापली प्रार्थना राखून आहेत. तुमच्याकडे मात्र दोन-दोन प्रार्थना चालवण्याएवढी माणसंच उरणार नाहीत असं तुमच्या आकड्यांवरून दिसतंय, त्यामुळे मी असते तर दुसरी वाट धरली असती, म्हणजे कोणी कोणाला गिळलं असं होत नाही. खर्च थोडा जास्त, वकिलाचं बिल येईल, येऊ दे.

मृत्युपत्रांचं विसरू नका. लोकांनी पंधरा-वीस वर्षांपूर्वी तुमच्या जुन्या नावाने काही ना काही लिहून ठेवलेलं असतं. मृत्युपत्रात "माझ्या मृत्यूच्या वेळी ही संस्था अस्तित्वात असेल तर" अशी अट असली की पूर्वी पंचाईत व्हायची, संस्था विसर्जित झालेली म्हणून पैसे हातचे जायचे, त्या भीतीने लोक जुनी चॅरिटी नुसती रिकामी टरफलासारखी वर्षानुवर्षं चालू ठेवायचे. २०२२ च्या चॅरिटीज ॲक्टने हे बदललं, मार्च २०२४ पासून ते लागू आहे, त्यामुळे आता धोका बराच कमी झालाय, पण चॅरिटी कमिशनच्या मर्जर रजिस्टरमधे नोंद केली तरच. ती नोंद करायची कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण तोपर्यंत सगळे दमून पार्टी करत असतात. तुम्ही ट्रेझरर आहात, तुमच्या डायरीत आजच लिहा. आणि दोन्ही जुनी बँक खाती दीड-दोन वर्षं बंद करू नका, स्टँडिंग ऑर्डर बदला म्हणून पाच पत्रं पाठवली तरी निम्मे लोक जुन्याच खात्यात पैसे टाकत राहतात. फी दोन्हीकडे वेगळी असणार, पहिल्याच वर्षी सारखी करायच्या फंदात पडू नका, तीन वर्षांत हळूहळू आणा.

तुमची ठेव आणि त्यांचं छप्पर यावर सरळ बोलते, कारण जे मर्जर मोडलं ते नेमकं यावरच मोडलं. तिथेही असंच होतं, लहान मंडळाकडे पैसा, मोठ्याकडे इमारत. मोठ्यांनी मोठ्या प्रेमाने पत्रक काढलं, "आमच्या कुटुंबात तुमचं स्वागत आहे". लहानांनी ते वाचलं आणि म्हणाले, आमचं कुटुंब आहे की, तुम्ही पाहुणे बोलावताय का वारसा? त्यांच्या मनात आलं की आपल्या पैशाने यांचं छप्पर होणार आणि वर्षभरात आपलं नावनिशाण राहणार नाही. खरं सांगायचं तर तसं कोणाच्या मनात नव्हतं, पण छपराचा खर्च किती हे कोणालाच माहीत नव्हतं त्यामुळे प्रत्येकाने आपापला आकडा धरला. म्हणून आधी स्ट्रक्चरल सर्व्हे करून घ्या, पैसे दोघांनी निम्मे निम्मे द्या, रिपोर्ट दोन्हीकडच्या सगळ्या मेंबरांना एकाच दिवशी पाठवा. आणि तुमच्या ठेवीतली जी रक्कम कोणी ठरावीक कामासाठी दिलेली असेल, मुलांचं शिक्षण, आजारी लोकांची भेट, जे असेल ते, ती त्याच कामाला बांधलेली राहते, ती छपरावर जाऊ शकत नाही, हे कायद्यानेच आहे पण लोकांना ऐकायला हवं असतं.

सेफेर तोरांची यादी करताना काळजी घ्या. इथल्या बऱ्याच प्रोग्रेसिव्ह सिनेगॉगांकडे एखादा चेक सेफेर असतो, नाझींच्या काळात प्राग इथे गोळा झालेल्या आणि १९६४ मधे लंडनच्या वेस्टमिन्स्टर सिनेगॉगमधे आलेल्या १,५६४ पैकी एक. तो तुमच्या मालकीचा नसतो, मेमोरियल स्क्रोल्स ट्रस्टकडून कायमच्या उसन्यावर असतो, त्याला नंबर असतो. मर्जरच्या मालमत्तेच्या यादीत तो घालायचा नाही, ट्रस्टला कळवायचं आणि नव्या नावाने कागद करून घ्यायचा. हाही दिलेला शब्दच, फक्त समोरची माणसं आता नाहीत.

लग्नाचे सरकारी कागद बघणाऱ्या सेक्रेटरीची एक बारीक गोष्ट आहे, ती माझ्या एका ठिकाणी सगळेच विसरले होते आणि एका नवरीची ऐन वेळी धावपळ झाली. १९४९ च्या मॅरेज ॲक्टमधे सिनेगॉगच्या सेक्रेटरीला मान्यता द्यायच्या वेगवेगळ्या वाटा आहेत, रिफॉर्मची वेस्ट लंडन सिनेगॉगच्या सेक्रेटरीमार्फत जाते, लिबरलची सेंट जॉन्स वूडच्या लिबरल ज्यूइश सिनेगॉगच्या सेक्रेटरीमार्फत. नवं सिनेगॉग झालं की हे नव्याने करावं लागतं. पुढच्या वर्षभरात कोणाचं लग्न ठरलंय का ते आत्ताच विचारून घ्या.

इथपर्यंतचं जरा गोळा करते, लांबलं फार. वही, कबरी, कोण ज्यू ते वाक्य, छपराचा सर्व्हे, मृत्युपत्रं आणि बांधलेले पैसे, सेफेर, लग्नाचा सेक्रेटरी. एवढं झालं की तुमच्या चार प्रश्नांची उत्तरं सोपी होतात, आता ती देते.

पुस्तक. तुमच्याकडे प्रार्थनेचं पुस्तक १९९५ चं सिद्दुर लेव्ह खादाश असणार, त्यांच्याकडे २००८ चं फॉर्म्स ऑफ प्रेयर. लोकांना वाटतं पुस्तकात मजकूर असतो, पुस्तकात सवय असते. एक वर्ष आलटून पालटून वापरा, एक शब्बाथ हे, एक ते, आणि एकाच प्रार्थनेत दोन्ही पुस्तकं आणू नका, दोन पान नंबर पुकारत राहिलात तर सगळी प्रार्थना रेल्वे स्टेशनवरच्या घोषणेसारखी होते. पण पुस्तकापेक्षा उठण्या-बसण्यावर लक्ष ठेवा. आमच्या पहिल्या एकत्र शब्बाथला कद्दीश, म्हणजे गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना, आली. त्यांच्याकडे ज्याच्या घरचं गेलंय तोच उभा राहायचा, आमच्याकडे सगळेच. त्यांचे एक गृहस्थ, बायको जाऊन दीड महिना झालेला, एकटे उभे राहिले, पुस्तक दोन्ही हातांत. आणि मागून आमचे साठ लोक धाडकन उठले. ते गोंधळले, इकडे तिकडे बघितलं आणि खाली बसले. सगळा हॉल उभा आणि ज्याची कद्दीश तो बसलेला. आमच्या लोकांना वाटत होतं आपण त्यांना आधार देतोय. पुढच्या आठवड्यापासून आमच्या रब्बीबाईंनी काढलेली युक्ती अजून चालू आहे, आधी नावं वाचायची, ज्यांचं माणूस गेलंय ते उभे राहतात, त्या क्षणभर थांबतात, सगळ्यांना ती माणसं दिसू देतात आणि मग हाताने बाकीच्यांना उठायची खूण करतात.

रब्बी. त्यांचा रब्बी नोकरीवर असेल तर ट्यूपीच्या नियमाने, म्हणजे मालक बदलला तरी नोकरी राखणाऱ्या कायद्याने, आहे त्या अटींवर नव्या संस्थेत येतो, तसेच ऑफिसमधली बाई आणि केअरटेकर. केअरटेकरला जपा, बॉयलर कुठे लाथ मारली की चालू होतो हे जगात त्याला एकट्यालाच माहीत असतं. तुमच्याकडे आजवर मेंबरच प्रार्थना घेत असतील, लहान लिबरल मंडळांत असतंच तसं, तर महिन्यातला एक शब्बाथ त्यांच्याकडे ठेवा. वीस वर्षं बिमावर उभं राहिलेल्या माणसाला एकदम खुर्चीत बसवलं की तो कौन्सिलच्या मीटिंगमधे उभा राहायला लागतो.

इमारत. छपराचा रिपोर्ट ठीक आला तर त्यांच्याकडे जा, पण क्वेकरांचा हॉल पहिलं वर्ष महिन्यातून एकदा तरी चालू ठेवा, तुमच्यातले जे संध्याकाळची गाडी चालवत नाहीत त्यांच्यासाठी. स्वयंपाकघर मात्र पहिल्या दिवसापासून दोघांचं, कपाटांवरची जुनी लेबलं काढा, किल्ल्या दोन्हीकडे द्या. जावा-जावांचं जमतं की नाही ते चहाच्या डब्यावर कळतं, थिऑलॉजीवर नाही.

नाव सगळ्यात शेवटी. एजवेअर आणि हेंडनच्या रिफॉर्मवाल्यांनी २०१७ मधे एक होताना दोन्ही गावांची नावं ठेवली आणि इलफर्डकडच्या एका जुन्या मर्जरचं नाव तर साउथ वेस्ट एसेक्स अँड सेटलमेंट रिफॉर्म सिनेगॉग असं आगगाडीएवढं होतं. लांब नावाला लोक हसतात, हसू देत, त्यात दोघं मावतात. दहा वर्षांनी मुलं आपोआप छोटं करतात.

वेळ किती लागेल हे तुमच्या माणसांवर आहे. माझा हिशेब एका दारफाळणीपासून, म्हणजे योम किप्पुर या उपासाच्या सणापासून, पुढच्या दारफाळणीपर्यंत एकत्र प्रार्थना करायच्या, सहीशिवाय, आणि मग मतदान. योम किप्पुरचा उपास एका हॉलमधे शेवटपर्यंत निभावला, कोण कुठे बसतं, शेवटी शोफार (मेंढ्याचं शिंग) वाजतं तेव्हा कोण रडतं हे एकमेकांनी बघितलं की मग पत्रकं लागत नाहीत. मतदानाला किती टक्के लागतात ते तुमच्या घटनेत बघा, सीआयओंचं मर्जर असेल तर मत देणाऱ्यांपैकी ७५ टक्के लागतात. माझी स्वतःची अट अशी की निम्म्याहून कमी लोक आले तर ९० टक्क्यांनी जिंकलं तरी मी त्याला जिंकणं धरत नाही, न आलेल्यांना फोन करते.

राहिला पडदा. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा, कोणाची साडी, कोणी शिवली, कुठल्या वर्षी दिली, कोणाच्या नावाने. चाकांवरच्या हेखालचा म्हणजे जेमतेम तीन-चार फुटांचा असेल आणि त्यांचं हेखाल भिंतीत बांधलेलं, दुप्पट रुंद. कोणीतरी हमखास सुचवेल की दोन्ही बाजूंना नवीन कापड जोडून मोठा करू. जोडू नका, जुनं रेशीम नव्या कापडाचं वजन घेत नाही, शिवणीपाशी फाटतं, मी बघितलंय. चाकांचं हेखालच तिकडे न्या, मुलांच्या वर्गात ठेवा, पडद्यासकट, मुलं त्याच्यासमोर तोरा वाचायला शिकतील. आणि आईला किंवा मावशीला विचारून बघा, त्या साडीचा उरलेला तुकडा घरात कुठे ठेवलेला आहे का. काठाचा असेल तर उत्तम, पुढे रफू करायला लागेल.